पीटर लॉरेवर दीड तासाचा कार्यक्रम: वाचनालयाच्या सभागृहात कसा बसवावा

परदेशी नटावर कार्यक्रम म्हटला की जन्म, बालपण, गाजलेले सिनेमे, मृत्यू, मध्ये चार स्लाइड आणि शेवटी आभार, असा साचा ठरलेला असतो. पीटर लॉरेला या साच्यात घातलं तर तो 'मोठ्या डोळ्यांचा खलनायक' एवढाच उरतो. हा नट कानाने ऐकायचा आहे. जर्मनमध्ये तो एक माणूस होता. इंग्रजीत गेल्यावर हॉलीवूडने त्याला जपानी, रशियन, डच असं कोणीही बनवलं आणि आवाज मात्र प्रत्येक वेळी तोच ठेवला. प्रेक्षकांना हे सांगण्यापेक्षा ऐकवता येतं. खालची सगळी मांडणी त्याच एका गोष्टीसाठी आहे.

दिवस आणि वेळ

लॉरेचा जन्म २६ जून १९०४ चा, मृत्यू २३ मार्च १९६४ चा. कोकणात दोन्ही तारखा निरुपयोगी. जूनच्या अखेरीला पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे १९३१ च्या सिनेमाचा आवाज काय टिकणार! मार्चमध्ये शिमगा तरी असतो, नाहीतर परीक्षा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. सिंधुदुर्गात मात्र आधी जत्रांचं कॅलेंडर बघा. कार्तिकापासून गावोगावी दशावताराच्या रात्री असतात आणि आंगणेवाडीच्या जत्रेच्या आठवड्यात मालवण तालुक्यात दुसरा कुठलाही कार्यक्रम ठेवणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांना भाषण देणं. मे महिन्यात चाकरमानी आलेले असतात, गर्दी होते, पण उकाडा आणि विजेचा लपंडाव दोन्ही सोसावे लागतात.

सुरुवात संध्याकाळी सहाला आणि शेवट साडेसातला. वस्तीच्या एसटीची वेळ आधी विचारून घ्या. गाडी पकडायला शेवटच्या दहा मिनिटांत निम्मं सभागृह उठलं तर शेवटचा तुकडा वाया जातो.

हक्क आणि परवानगी

भारतात सिनेमावरचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. लॉरेचे अखेरचे सिनेमे १९६४ चे आहेत, म्हणजे त्यांची मुदतही २०२४ च्या डिसेंबरअखेर संपली. तरी तीन गोष्टी सांभाळा. सिनेमातलं संगीत आणि मूळ कथा यांचे हक्क वेगळे असतात. डिस्कवरचे नवे सबटायटल आणि भाष्य हेही त्या कंपनीचं वेगळं काम असतं, म्हणून मराठी सबटायटल स्वतः करायचे. आणि घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात खेळ दाखवू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही. पूर्ण सिनेमाचा जाहीर खेळ करायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. त्यापेक्षा विनातिकीट व्याख्यान आणि त्यात दाखल्यापुरते तुकडे, हे सुटसुटीत. शंका असेल तर जवळच्या फिल्म सोसायटीकडे आधी विचारा.

आयुष्य किती सांगायचं

दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि तेही एका दमात नाही. पहिले दोन तुकडे सोडून पुढच्या प्रत्येक तुकड्याआधी थोडं थोडं असं वाटून टाका.

जन्मगावापासूनच चुका सुरू होतात. रोझाहेज हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या हंगेरीत होतं. आज ते स्लोव्हाकियात आहे आणि त्याचं नाव रुझोम्बेरोक. नटाचं खरं नाव लास्लो लोवेनश्टाइन, घरची भाषा जर्मन, कुटुंब ज्यू. त्यामुळे कोणी त्याला हंगेरियन म्हणतं, कोणी ऑस्ट्रियन, कोणी जर्मन, आणि सभागृहात एखादा जाणकार हात वर करून दुरुस्ती सुचवतोच. पडद्यावर १९१४ चा नकाशा आणि आजचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा, वाद तिथेच मिटतो. नावाचं मराठी लेखन एकदाच ठरवा. भित्तिपत्रकावर 'लॉरे', स्लाइडवर 'लोरे' आणि निवेदकाच्या तोंडी 'लॉरी' असं झालं की लोकांना तीन नट वाटतात.

आई तो चार वर्षांचा असताना गेली. पुढे व्हिएन्ना, तिथे बँकेत नोकरी, आणि याकोब मोरेनोच्या उत्स्फूर्त नाट्याच्या मंडळीत प्रवेश. 'पीटर लॉरे' हे नाव त्याला मोरेनोनेच दिलं. लिखित संहिता नाही, प्रसंग ठरवायचा आणि रंगमंचावर उभं राहून बोलायचं, अशी ती पद्धत. कुडाळ-सावंतवाडीकडच्या प्रेक्षकाला हे समजावायला एक वाक्य पुरतं: दशावतारी नट आख्यान ठरवून जसा संवाद जागेवर रचतो, तसं. इथे जास्त रेंगाळू नका, साम्य तेवढंच आहे.

त्यानंतर ब्रेस्लाउ, झुरिच, बर्लिन. १९३१ मध्ये बर्लिनला नाटककार ब्रेख्तच्या नाटकात प्रमुख भूमिका आणि त्याच वर्षी ११ मे रोजी दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा 'एम' हा सिनेमा प्रदर्शित. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडली: व्हिएन्ना, पॅरिस, लंडन, मग हॉलीवूड. १९४१ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व. शस्त्रक्रियेनंतर लागलेलं मॉर्फिनचं व्यसन बराच काळ पाठीशी होतं. ते एका वाक्यात सांगा, चघळू नका. त्याच्या नावावर फिरणारी चटपटीत वाक्यं आणि थोरामोठ्यांनी केलेली स्तुती मात्र पूर्ण वगळा. त्यातलं फार थोडं तपासता येतं.

तुकडे

एकूण पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटांचे तुकडे पुरतात. त्याहून जास्त झाले की लोक गोष्टीत गुंततात आणि आवाजाकडे दुर्लक्ष होतं.

पहिला तुकडा 'एम'चा, कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीला, स्वागत-प्रस्तावनाही न करता. मुलींचे खून करणाऱ्या माणसाला गुन्हेगारांनीच पकडून तळघरात आणलंय आणि ते त्याचा न्यायनिवाडा करतायत, तो प्रसंग. जिन्यावरून तो आत ढकलला जातो तिथपासून घ्या, थेट भाषणापासून नको. समोर गर्दी गप्प बसून त्याच्याकडे बघतेय ती शांतता आधी ऐकू आली पाहिजे. भाषण सुरू होतं तेव्हा आवाज जवळजवळ कुजबुजता, हात स्वतःच्याच अंगाशी झगडणारे. मग तो चढत जातो आणि शेवटी किंचाळीला पोचतो. पाच-सहा मिनिटं. या वेळी मराठी सबटायटल लावा.

दुसरा तुकडा लगेच: तोच प्रसंग, १९३२ च्या इंग्रजी आवृत्तीतला. बोलपटांच्या पहिल्या काही वर्षांत युरोपात एकच सिनेमा दोन-तीन भाषांत काढायची रीत होती. कधी नट तेच ठेवत, कधी बदलत. 'एम'च्या इंग्रजी आवृत्तीत लॉरेने आपलं काम स्वतःच इंग्रजीत केलं. क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या ब्लू-रे आवृत्तीत ती पुरवणी म्हणून मिळते. हा तुकडा सबटायटलशिवाय दाखवा. अर्थ आत्ताच कळलेला असतो, त्यामुळे कान मोकळे असतात. जर्मनमध्ये ज्या शब्दावर तो कोसळतो, तिथे इंग्रजीत त्याला आधी शब्द उचलावा लागतो आणि मग कोसळावं लागतं. तो अर्ध्या क्षणाचा फरक पहिल्या ओळीतल्या आजोबांनाही ऐकू येतो. कार्यक्रमातलं काही गाळावं लागलं तर बाकी काहीही गाळा, हे दोन तुकडे नाही.

तिसरा, हिचकॉकचा १९३४ चा 'द मॅन हू न्यू टू मच'. कपाळावर जखमेचा व्रण, केसांत पांढरी बट. हे काम त्याने उच्चार पाठ करून केलं असं सांगतात, कारण इंग्रजी अजून कच्चं होतं. निवेदकांचा मोह असतो की 'इंग्रजीचा गंधही नसताना' म्हणावं. ते म्हणू नका. आत्ताच त्याला इंग्रजी बोलताना ऐकवलंय, प्रेक्षक विसरलेले नसतात. बघायला सांगा ते असं: वाक्य संपल्यावर तो हसतो, थांबतो, सिगारेटकडे वळतो. ज्या भाषेवर पकड नाही तिच्यात दोन वाक्यांच्या मधली जागा त्याने चेहऱ्याने भरलीय. दोन मिनिटांचा तुकडा पुरे.

मग हॉलीवूड, आणि इथे तुकड्यांऐवजी स्थिरचित्रांची रांग लावा. प्रत्येकी आठ-दहा सेकंद, खाली फक्त वर्ष आणि पात्राचा देश. १९३५ मध्ये 'क्राइम अँड पनिशमेंट'चा नायक रास्कोलनिकोव्ह, म्हणजे रशियन. १९३६ मध्ये मेक्सिकन म्हणवणारा 'जनरल' (हा सिनेमा मात्र हॉलीवूडचा नाही, ब्रिटिश). १९३७ ते १९३९ या काळात आठ सिनेमांत जपानी गुप्तहेर मोटो. १९४४ मध्ये एका सिनेमात डच लेखक, दुसऱ्यात जर्मन डॉक्टर. १९५७ मध्ये सोव्हिएत अधिकारी. निवेदकाने यावर काही बोलू नये. साधारण चौथ्या चित्राला सभागृहात कोणीतरी हसतं आणि मुद्दा पोचलेला असतो.

मोटोबद्दल प्रश्न येणारच: युरोपियन माणसाने जपानी कसा काय साकारला? सरळ उत्तर द्या. तेव्हाच्या हॉलीवूडमध्ये आशियाई भूमिका गोऱ्या नटांना देण्याची सर्रास पद्धत होती, ती आज खटकते आणि खटकायलाच हवी. सारवासारव करू नका, आणि त्यावर वीस मिनिटंही घालवू नका.

चौथा तुकडा 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) मधला. कैरो या पात्राचा ऑफिसातला प्रवेश सगळे दाखवतात, हातमोजे आणि काठीची मूठ वगैरे. तो सोडा. शेवटाकडे पक्ष्याची मूर्ती खोटी निघते आणि कैरो आपल्या जाड्या साथीदारावर फुटतो, ते अर्धं मिनिट घ्या. मऊ, गुळगुळीत आवाज एकदम चिरकतो आणि रडण्यात संपतो. चढण 'एम'च्या भाषणाचीच, फक्त इथे ती विनोदाला जुंपलीय. हा तुकडा दोनदा लावा. 'कॅसाब्लांका'तलं काम प्रसिद्ध असलं तरी छोटं आहे. वेळ उरला तर.

पाचवा आणि शेवटचा, 'डेर फेरलोरेने', १९५१. लॉरे पश्चिम जर्मनीत परत गेला, स्वतः दिग्दर्शन केलं, स्वतः प्रमुख भूमिका केली, आणि प्रेक्षक फिरकले नाहीत. युद्ध संपून सहाच वर्षं झाली होती, नाझी काळातल्या खुन्या डॉक्टरची गोष्ट कोणाला बघायची होती? त्याने दिग्दर्शित केलेला हा एकच सिनेमा. इथे आवाज पुन्हा घरच्या भाषेत आहे, पण वीस वर्षांनी थकलेला. तीन-चार मिनिटं, सबटायटलसह.

१९६० नंतरच्या विनोदी भयपटांतलं काही मधे टाकायला हरकत नाही, पण ते शेवटी नको. लोक हसत घरी जातात आणि 'एम' पुसला जातो.

लहान मुलांना बोलावू नका. 'एम'चा विषय बालहत्येचा आहे. शाळेला निमंत्रण द्यायचंच तर नववीच्या पुढे, आणि शिक्षकांना प्रसंग आधी सांगून.

मराठी सबटायटल

सबटायटल एडिट हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. एका ओळीत सहा-सात शब्द, एका वेळी दोनच ओळी, आणि दोन ओळी किमान पाच सेकंद पडद्यावर. भाषण भरभर असेल तर निम्मे शब्द गाळा. प्रेक्षक वाचत बसला तर चेहरा बघत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर दुसऱ्या लॅपटॉपवर देवनागरीच्या जागी चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. जोडाक्षरं फुटत असतील तर फॉन्ट बदला, 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' हा फॉन्ट चालतो. सगळ्यात सुरक्षित म्हणजे सबटायटल चित्रातच पक्के बसवून नवी फाइल काढणं. मग सभागृहातला लॅपटॉप कोणाचाही असो.

मालवणीत सबटायटल करायची हुक्की येते, विशेषतः 'एम'मधल्या चोर-पाकीटमारांसाठी. करू नका. मच्छिंद्र कांबळींच्या नाटकांपासून रंगमंचावरची मालवणी म्हणजे हशा हे प्रेक्षकाच्या डोक्यात पक्कं बसलंय. न्यायनिवाड्याच्या प्रसंगात पहिल्याच वाक्याला टाळी पडेल आणि लॉरे तोंड उघडायच्या आत प्रसंग मेला. सबटायटल साध्या प्रमाण मराठीत, निवेदन खुशाल मालवणीत.

तुकडे कापायला लॉसलेसकट हा प्रोग्रॅम वापरा. यात एक मेख आहे. पुन्हा एन्कोड न करता कापलं तर तुकडा जवळच्या कीफ्रेमपासूनच, म्हणजे फाइलमध्ये पूर्ण साठवलेल्या चित्रापासूनच, नीट सुरू होतो, त्यामुळे कधी आधी आवाज येतो आणि चित्र गोठलेलं राहतं. कापताना पुढे दोन-तीन सेकंद जास्त घ्या आणि प्रत्येक तुकडा पूर्ण चालवून बघा. सगळं पेन ड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर, दोन्हीकडे ठेवा. सभागृहात रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

चित्र, आवाज, वीज

जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, 'एम' तर १.१९ : १. प्रोजेक्टर ते ओढून १६ : ९ करायला बघतो. लॉरेचा चेहरा मुळात गोल, तो पसरट झाला की भाकरीसारखा दिसतो आणि गंभीर प्रसंगाला लोक हसतात. प्रोजेक्टरच्या मेन्यूत मूळ प्रमाण ठेवा, व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ए' ही कळ दाबून प्रमाण बदलता येतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे बरोबर आहे.

आठ फूट रुंद पडद्याला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण अंधार हवा. सहा वाजता खिडक्यांतून अजून उजेड असतो, तेव्हा काळी ताडपत्री किंवा जाड चादरी आदल्या दिवशीच बांधून घ्या. बहुतेक साध्या प्रोजेक्टरांना पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागतं, म्हणजे बारा फूट. तेवढ्या जागेत खुर्च्या मांडू नका. पावसाळाभर कपाटात पडलेल्या प्रोजेक्टरच्या काचेवर बुरशी येते. चित्रात धुरकट डाग दिसले तर तेच कारण. दोन दिवस आधी लावून बघा, आणि पुढच्या वर्षीसाठी डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

आवाज हा या कार्यक्रमाचा जीव, आणि आपल्याकडच्या सभागृहांत तोच मार खातो. गिलावा केलेल्या भिंती, वर पत्रा, खाली लादी: प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. अँप्लिफायरवर बास कमी करा, ट्रेबल थोडा वाढवा, आवाज एकूण कमीच ठेवा. मोठे कर्णे नकोत. दोन लहान स्पीकर कानाच्या उंचीला, पडद्याच्या दोन बाजूंना. मागच्या भिंतीवर सतरंज्या टांगल्या तर बराच फरक पडतो. रिकाम्या सभागृहात तपासताना आवाज घुमतोच, माणसं बसली की तो कमी होतो, म्हणून शेवटचा अंदाज लोक आल्यावर घ्या. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुधा अर्थिंगचा घोळ असतो आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवला की तो जातो. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि लांब ओढायची ती ऑडिओची वायर. साधी एचडीएमआय वायर दहा मीटरच्या पुढे नेली की चित्र मधेच जातं.

वीज जाणार हे धरूनच चाला. प्रोजेक्टर ३०० वॅट, अँप्लिफायर आणि लॅपटॉप मिळून २००, असा ५०० वॅटचा भार. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी आणि ९०० व्हीएचा इन्व्हर्टर यावर सुमारे दोन तास निघतात. पंखे त्यावर टाकू नका. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, ते 'यूपीएस'वर ठेवा. दुसऱ्या मोडवर वीज जाताना क्षणभर खंड पडतो, तेवढ्याने प्रोजेक्टर बंद होतो आणि दिवा थंड होऊन पुन्हा लागेपर्यंत चार-पाच मिनिटं सभागृह अंधारात बसतं.

निवेदक

लॉरेच्या आवाजाची नक्कल करणारे अमेरिकेत शेकड्याने झाले, कार्टूनवाल्यांनीही केली. त्या नकला नाकातल्या आणि घोगऱ्या आहेत. मूळ आवाज मऊ आहे, सावकाश आहे. निवेदकाला नक्कल येत असली तरी करू देऊ नका. एकदा ती कानात बसली की खरा आवाज ऐकू येत नाही.

पहिला तुकडा सोडून प्रत्येक तुकड्याआधी तीस सेकंदांत प्रसंग सांगायचा आणि काय ऐकायचं ते एकच सांगायचं. तुकडा संपल्यावर दिवे लगेच लावू नयेत. 'एम'बद्दल एक माहिती शेवटच्या तुकड्याआधी जरूर द्यावी: १९४० च्या एका नाझी प्रचारपटात ज्यूंची बदनामी करायला याच भाषणाचा तुकडा वापरला गेला. तरुणांना खेचायला भित्तिपत्रकावर आणखी एक गोष्ट छापता येते. १९५४ मध्ये अमेरिकी टीव्हीवर 'कॅसिनो रॉयाल' झालं, त्यात ल शिफ्र हा खलनायक लॉरेने केला, म्हणजे तो पडद्यावरचा पहिला बॉन्ड-खलनायक.

दुसरा नट निवडायचा असेल तर

हीच मांडणी कॉनराड फाइट या जर्मन नटाला लावता येते. १९३२ च्या 'एफ. पी. १' या सिनेमाच्या जर्मन आवृत्तीत लॉरे आहे आणि इंग्रजी आवृत्तीत फाइट. दोघांवर मिळून एक संध्याकाळही होईल. माक्स फॉन सिडोसारखा अलीकडचा नट घेतला तर बहुतेक सिनेमांचे हक्क अजून चालू आहेत, रीतसर परवानगी लागेल. आणि निवडण्याआधी पडद्यावरचा आवाज त्याच नटाचा आहे ना, हे तपासा. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मध्ये गेर्ट फ्रोबे दिसतो खरा, पण ऐकू येतो तो मायकेल कॉलिन्स.